इकीविकीच्या पेजस्पेकमध्ये टोपणनावं: एकच अट दहा ठिकाणी न लिहिण्यासाठी

इकीविकी या विकी-इंजिनवर पानांची संख्या काही शेकड्यांत गेली की तीच ती अट, म्हणजे पानं निवडणारा पेजस्पेक, ठिकठिकाणी लिहिलेली सापडायला लागते. मुखपृष्ठावर लेख दाखवणाऱ्या इनलाइनमध्ये, फीडच्या पानावर, संग्रहाची यादी देणाऱ्या मॅपमध्ये, पानं मोजणाऱ्या पेजकाउंटमध्ये, शिवाय सेटअप फाइलमधल्या कमेंट्सच्या सेटिंगमध्येही. अट साधारण अशी असते (पोस्ट्स फोल्डरमधली पानं, पण चर्चेची पानं आणि मसुदे वगळून):

पोस्ट्स/* अँड !*/डिस्कशन अँड !टॅग्ड(ड्राफ्ट)

(फंक्शनांची, सेटिंगांची आणि हुकांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची, आकड्यांचंही तसंच.)

उद्या मसुदे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचं ठरलं, की ही ओळ असेल तिथे तिथे बदलावी लागते. एखादी जागा राहून जाते. ती जागा फीडची असेल तर अर्धवट मसुदा वाचकांच्या फीड-रीडरमध्ये जाऊन बसतो आणि तिथून परत मागवता येत नाही. म्हणून या अटीला एकदाच नाव द्यावं, आणि सगळीकडे फक्त पब्लिक_पोस्ट() एवढंच लिहावं, ही गरज. पेजस्पेक-एलियस नावाचा एक प्लगइन हेच काम करतो, पण आपल्या गरजेप्रमाणे स्वतः लिहायला घेतलं तरी काम पन्नास-साठ ओळींचंच आहे. अवघड भाग कोड नाही. अटीला नाव दिल्यामुळे तिचं उत्तर आणि त्या उत्तरासोबत येणारी माहिती यांत काहीही बदलू न देणं, हा खरा अवघड भाग आहे.

सुरुवात पेजस्पेक आतून कसा चालतो इथूनच करावी लागते. इकीविकी हे जोई हेस यांनी २००६ साली सुरू केलेलं, पर्लमध्ये लिहिलेलं इंजिन. पानं मार्कडाउनसारख्या साध्या फाइलींत राहतात, बहुधा गिटमध्ये, आणि त्यांचं एचटीएमएल आधीच तयार करून ठेवलं जातं. पेजस्पेक हा मजकूर म्हणून लिहिला जात असला तरी पेजस्पेक_ट्रान्सलेट हे फंक्शन त्याचं पर्ल कोडमध्ये रूपांतर करतं. त्यातलं रेग्युलर एक्स्प्रेशन मजकुराचे तुकडे पाडतं: उद्गारचिन्ह, उघडणारा कंस, बंद होणारा कंस, ‘नाव(काहीतरी)’ असा तुकडा, आणि बाकी उरलेला कुठलाही शब्द. ‘नाव(काहीतरी)’ दिसलं, की इकीविकी::पेजस्पेक या पॅकेजच्या सिम्बॉल टेबलमध्ये (नावांच्या नोंदवहीत) ‘मॅच_नाव’ असं फंक्शन आहे का ते पाहिलं जातं. असेल तर त्याला हाक मारणारा कोड तयार होतो. नसेल तर त्या जागी ‘अननोन फंक्शन’ सांगणारा एररीझन (चूक कळवणारा) ऑब्जेक्ट येतो. कंस नसलेला शब्द मात्र सरळ ग्लॉब, म्हणजे पानाच्या नावाचा नमुना, समजला जातो.

टोपणनावाची सगळी रचना या एका परिच्छेदातून निघते. ‘मॅच_पब्लिक_पोस्ट’ नावाचं फंक्शन त्या पॅकेजमध्ये टाकलं, की पब्लिक_पोस्ट() ही भाषेतलीच एक अट होते. पार्सरला हात लावायची गरज नाही. कंस रिकामे चालतात, कारण कंसातला मजकूर ‘बंद कंस सोडून कितीही अक्षरं’ असा घेतला जातो आणि कितीहीमध्ये शून्य आलं. पण कंस विसरून नुसतं पब्लिक_पोस्ट लिहिलं तर कुठलीही एरर येत नाही. इंजिन त्या नावाचं पान शोधतं, ते नसतं, आणि यादी रिकामी येते. रिकामी यादी दिसली की आधी कंस पाहावेत.

याच नियमामुळे एका टोपणनावाच्या कंसात दुसरी अट देता येत नाही. ‘नॉट_इन(लिंक(क्ष))’ लिहिलं तर पहिल्याच बंद कंसापाशी तुकडा तुटतो. अटीच अर्ग्युमेंट म्हणून घेणारी टोपणनावं हवी असतील तर तुकडे पाडणारा भागच नव्याने लिहावा लागेल. एवढ्या गरजेसाठी ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा मार्ग म्हणजे मजकुराची अदलाबदल: पेजस्पेक वाचण्याआधी टोपणनावाच्या जागी त्याची पूर्ण अट घालायची. दिसायला हा सोपा आहे. पण ‘फोटो’ची व्याख्या ‘*.पीएनजी ऑर *.जेपीजी’ असेल आणि कोणी !फोटो() लिहिलं, तर बदलीनंतर उद्गारचिन्ह फक्त पीएनजीला लागतं. अँडचं रूपांतर पर्लच्या ‘&’मध्ये आणि ऑरचं ‘|’मध्ये होतं, आणि ‘&’ आधी बांधला जातो, त्यामुळे अँडसोबत वापरतानाही अर्थ फिरतो. प्रत्येक बदलीभोवती कंस घातले की हे सुटतं, पण मग एररच्या संदेशात वापरणाऱ्याने कधीच न लिहिलेली लांबलचक अट दिसते. फंक्शनच्या मार्गात आतली अट स्वतंत्रपणे तपासली जाते, म्हणून हा प्रश्नच उद्भवत नाही. फंक्शनचाच मार्ग धरावा.

प्लगइनची फाइल लिबडिरखाली (स्वतःचे प्लगइन ठेवायच्या फोल्डरखाली) इकीविकी/प्लगइन या फोल्डरमध्ये ठेवायची. लिबडिर सहसा होम फोल्डरमधलं ‘.इकीविकी’ असतं. मग सेटअप फाइलच्या ॲड_प्लगइन्समध्ये नाव घालायचं. प्लगइनला दोन हुक, म्हणजे इंजिन ठरलेल्या वेळी हाक मारतं अशी फंक्शनं, पुरतात. गेटसेटअपमध्ये नवं सेटिंग जाहीर करायचं आणि त्याला ‘रीबिल्ड’ (बदलल्यास सगळी पानं पुन्हा बांधा) ही खूण एक अशी लावायची. खरं काम चेककॉन्फिगमध्ये, कारण तो कुठलंही पान वाचलं जाण्याआधी चालतो. हे आधी होणं फार महत्त्वाचं आहे. पेजस्पेक_ट्रान्सलेट मेमोआइझ केलेलं आहे, म्हणजे एका मजकुराचं भाषांतर एका वेळच्या चालण्यात एकदाच होतं आणि लक्षात ठेवलं जातं. फंक्शन तयार होण्याआधी पब्लिक_पोस्ट() एकदा जरी वाचलं गेलं, तर ‘अननोन फंक्शन’ हेच उत्तर साठवलं जातं आणि नंतर फंक्शन आलं तरी ते उत्तर बदलत नाही.

सेटअप फाइल यामल या मांडणीत असते. तिथे टोपणनाव डावीकडे आणि अट उजवीकडे, अवतरणचिन्हांत. अवतरणं ऐच्छिक नाहीत. यामलमध्ये मोकळ्या मजकुराच्या सुरुवातीचा तारा आणि उद्गारचिन्ह दोन्हींना स्वतःचे अर्थ आहेत, आणि पेजस्पेकची सुरुवात बरेचदा याच दोन चिन्हांनी होते. वेबवरून सेटिंग बदलायच्या फॉर्ममध्ये हॅश (नाव-किंमत जोड्यांच्या) प्रकारची सेटिंगं दिसत नाहीत, तेव्हा फाइल हातानेच बदलावी लागते.

चेककॉन्फिगमध्ये प्रत्येक नावावर दोन तपासण्या हव्यात. पहिली, नावात फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर असावेत. हे नाव पुढे इव्हॅल होणाऱ्या, म्हणजे मजकुरातून थेट चालवल्या जाणाऱ्या, कोडमध्ये जातं, म्हणून इथे सूट नको. दुसरी, त्या नावाचं ‘मॅच_’ फंक्शन आधीपासून नसावं. कोणी टोपणनाव ‘लिंक’ किंवा ‘ग्लॉब’ ठेवलं तर मूळ फंक्शनच झाकलं जाईल आणि साऱ्या साइटवरच्या यादींची उत्तरं चुकतील. चेककॉन्फिग एकाच प्रक्रियेत पुन्हा चालू शकतो, म्हणून आपण स्वतः तयार केलेल्या नावांची नोंद ठेवून ती या तपासणीतून वगळायची.

आता फंक्शनचं पोट. पहिल्या प्रयत्नात कोणीही असं लिहील: पानाचं नाव घ्या, पेजस्पेक_मॅचला ते नाव आणि साठवलेली अट द्या, उत्तर खरं आलं तर ‘टोपणनाव जुळलं’ असा सक्सेसरीझन, नाहीतर ‘जुळलं नाही’ असा फेलरीझन परत करा. यादी बरोबर येते, आणि तरीही हे चुकीचं आहे. कारण समजून घेण्यासारखं आहे.

पेजस्पेकचं उत्तर नुसतं खरं-खोटं नसतं. त्या ऑब्जेक्टमध्ये तीन गोष्टी असतात: खरं-खोटं, कारणाचं वाक्य, आणि इन्फ्लुअन्सेस, म्हणजे हे उत्तर कोणकोणत्या पानांवर आणि त्यांच्या कोणत्या अंगावर अवलंबून आहे याची यादी. अंगं तीन: पानाचा मजकूर, पानाचं असणं-नसणं, आणि पानातल्या लिंका. लिंक(क्ष) ही अट तपासताना उत्तरात ‘हे या पानाच्या लिंकांवर अवलंबून आहे’ अशी नोंद येते, उत्तर नाही आलं तरीही. उद्या त्या पानात क्षची लिंक घातली की यादी पुन्हा बांधायला हवी, हे इंजिनला या नोंदीवरूनच कळतं. आपण कोरा फेलरीझन परत केला तर ही नोंद हरवते. मग पहिल्यांदा सगळं बरोबर दिसतं आणि नंतर लेखाला टॅग लावला किंवा काढला तरी यादी जुनीच राहते. पूर्ण रीबिल्ड केलं की दोष गायब होतो, म्हणून तो शोधायला फार त्रास होतो.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. अँड-ऑरसाठी पर्लचे ‘&’ आणि ‘|’ ओव्हरलोड केलेले आहेत, म्हणजे त्यांना या ऑब्जेक्टांसाठी वेगळा अर्थ दिलेला आहे, आणि ते दोन्ही बाजूंच्या नोंदी एकत्र करतात. अँडमध्ये एक बाजू खोटी असेल आणि तिच्याकडे एकही नोंद नसेल, तर इंजिन असं धरतं की ही बाजू कधी खरी होणारच नाही (पान त्या फोल्डरातच नसेल तर हे योग्यच आहे), आणि दुसऱ्या बाजूच्या नोंदीही पुसून टाकतं. म्हणजे कोरा फेलरीझन देणारं टोपणनाव शेजारच्या निर्दोष अटीची माहितीही घेऊन बुडतं.

उपाय एका ओळीचा आहे: पेजस्पेक_मॅचने दिलेला ऑब्जेक्ट जसाच्या तसा परत करायचा. कारणाच्या वाक्यात टोपणनावाचा उल्लेख हवा असेल तर मूळ ऑब्जेक्टच्या नोंदी उचलून त्याच वर्गाचा नवा ऑब्जेक्ट बनवायचा, पण ती हौस टाळलेली बरी.

हाक मारताना पुढे आलेली सगळी पॅरामीटर्सही द्यायची. फंक्शनला पहिलं पानाचं नाव मिळतं, दुसरा कंसातला मजकूर, आपल्या बाबतीत रिकामा, आणि त्यानंतर नाव-किंमत अशा जोड्या. पहिले दोन बाजूला काढून उरलेलं सगळं आतल्या पेजस्पेक_मॅचला द्यायचं. त्यात ‘लोकेशन’ असतं, म्हणजे अट कोणत्या पानावर लिहिली आहे ते. ते न दिल्यास ‘./*’सारखे सापेक्ष ग्लॉब चुकीच्या जागी पाहतात. अपलोडच्या परवानगीत मॅक्ससाइझ() आणि माइमटाइप() यांना ‘फाइल’ लागतं. यूझर()ला ‘यूझर’ लागतं, नाहीतर तो एरर देतो. ‘लेखकमंडळ’ अशा अर्थाचं टोपणनाव करून ते लॉक्ड_पेजेसमध्ये (संपादनाला बंद असलेल्या पानांच्या सेटिंगमध्ये) वापरायचं असेल तर या जोड्या आतपर्यंत पोचल्याशिवाय चालणारच नाही.

मेमोआइझ करून वेग वाढवायचा मोह इथे होतो. अँड आणि ऑर अर्ध्यावर थांबत नाहीत, डावी बाजू खोटी असली तरी उजवी तपासली जातेच, त्यामुळे एकात एक गुंफलेली टोपणनावं प्रत्येक पानासाठी पूर्ण चालतात. पण उत्तराचा ऑब्जेक्ट साठवून तोच पुन्हा परत केला तर अनर्थ होतो: उद्गारचिन्ह नवा ऑब्जेक्ट बनवत नाही, आहे त्याच ऑब्जेक्टचा वर्ग बदलतं. एका ठिकाणी !फोटो() तपासलं की साठवलेलं ‘नाही’ कायमचं ‘होय’ होतं. इंजिनच्या कोडमध्येही या धोक्याची टीप आहे. साठवायचंच असेल तर प्रत्येक वेळी प्रत द्यावी. मी तरी साठवत नाही. अट लिहितानाच महाग भाग कमी ठेवावा.

उद्गारचिन्हाच्या याच वागण्यातून या विषयातला सर्वांत धोकादायक प्रकार निघतो. एररीझन हा फेलरीझनचाच उपवर्ग आहे. म्हणून त्याच्या आधी उद्गारचिन्ह आलं की त्याचाही सक्सेसरीझन होतो. ‘पोस्ट्स/* अँड !मसुदे()’ या अटीत ‘मसुदे’चं स्पेलिंग एका अक्षराने चुकलं, तर अनोळखी फंक्शनची एरर उलटी होऊन ‘होय’ बनते, आणि सगळे मसुदे प्रसिद्ध यादीत येतात. बिल्डच्या वेळी संदेश नाही, काही नाही. पेजस्पेक_व्हॅलिड हे फंक्शन वापरून हे पकडता येत नाही, कारण ते फक्त भाषांतर झालं की नाही एवढंच पाहतं, आणि अनोळखी नावाचंही भाषांतर होतंच. त्यामुळे टोपणनावांच्या व्याख्यांमध्ये आलेली सगळी ‘नाव(’ रूपं चेककॉन्फिगमध्येच गोळा करून प्रत्येकाचं ‘मॅच_’ फंक्शन आहे याची खात्री करावी, नसेल तर तिथेच बिल्ड थांबवावा. हुकांच्या क्रमाचं भान मात्र ठेवायचं: आधी सगळ्या टोपणनावांची फंक्शनं तयार करायची, मग तपासायची, नाहीतर एकमेकांना वापरणारी टोपणनावं उगाच अडतील. पानांवर लिहिलेल्या अटींना ही तपासणी लागू होत नाही. म्हणून नकार आतच ठेवून टोपणनाव सकारात्मक करावं. ‘मसुदे()’ऐवजी ‘पब्लिक_पोस्ट()’ असं नाव असलं की चुकलेल्या स्पेलिंगला बिल्डच्या वेळी ‘कॅनॉट मॅच पेजेस’ अशी स्पष्ट एरर मिळते.

वर्तुळाचंही तसंच. अ()मध्ये ब() आणि ब()मध्ये अ() आलं तर पर्ल खोल खोल जात राहील. ‘आत आहे’ अशी खूण ठेवून दुसऱ्या वेळी एररीझन देण्याची पद्धत रूढ आहे, पण वर्तुळात एक उद्गारचिन्ह असलं की ती एररही ‘होय’ बनते. वर गोळा केलेल्या नावांवरूनच कोण कोणाला वापरतो ते समजतं, तेव्हा वर्तुळ तिथेच शोधून बिल्ड थांबवावा. चालतानाची खूण जादा संरक्षण म्हणून ठेवायची तर ती ‘लोकल’ने ठेवावी, म्हणजे मध्ये काही कोसळलं तरी ती आपोआप उतरते.

टोपणनावाची व्याख्या सेटअप फाइलमध्ये बदलली आणि नुसतं रिफ्रेश केलं (फक्त बदललेली पानं बांधली) तर काहीच बदलत नाही. इंजिनच्या इंडेक्समध्ये ‘हे पान पब्लिक_पोस्ट() या अटीवर अवलंबून आहे’ एवढाच मजकूर साठवलेला असतो, आणि तो मजकूर तसाच आहे. रिफ्रेशशिवाय सेटअपची आज्ञा द्यायची, म्हणजे सगळी पानं नव्याने बांधली जातात. त्याच आज्ञेत रॅपरही नवे होतात, आणि तेही तितकंच गरजेचं आहे: सीजीआय (वेबवरून संपादन) आणि गिटच्या हुकासाठीचे रॅपर हे सी भाषेतून कंपाइल केलेले छोटे प्रोग्रॅम असतात व सेटअपची किंमत त्यांच्या आत गोठवलेली असते. ते जुनेच राहिले तर कमांड लाइनवरून बांधलेली साइट बरोबर दिसते, पण वेबवरून पान साठवताच जुनी व्याख्या लागू होते.

व्याख्या सेटअपऐवजी विकीच्याच एखाद्या पानावर, डिरेक्टिव्हने (पानात लिहिलेल्या, इंजिनसाठीच्या आज्ञेने) लिहिता आली तर रीबिल्डची कटकट जाईल, ही सूचना नेहमी येते. ती करता येते: डिरेक्टिव्ह स्कॅनच्या (पानं बांधण्याआधी वाचायच्या) फेरीतही चालवायचा, व्याख्या पेजस्टेटमध्ये (पानागणिक माहितीच्या साठ्यात) साठवायची, नीड्सबिल्ड हुकात बदललेल्या पानाच्या जुन्या व्याख्या पुसायच्या, आणि प्रत्येक उत्तरात ‘व्याख्येच्या पानाच्या मजकुरावर अवलंबून’ अशी नोंद जोडायची. पण स्कॅनचा क्रम आपल्या हातात नसतो, आणि मेमोआइझची वर सांगितलेली अडचण तिथे पुन्हा उभी राहते. त्याहून मोठं कारण सुरक्षेचं आहे. लॉक्ड_पेजेसमध्ये टोपणनाव वापरलं असेल आणि त्याची व्याख्या कोणालाही संपादित करता येणाऱ्या पानावर असेल, तर ती व्याख्या बदलून कोणीही कुलूप काढू शकतो. सार्वजनिक विकीवर व्याख्या सेटअप फाइलमध्येच असाव्यात.

चाचणीसाठी इकीविकीच्या स्रोतात ‘टी’ फोल्डरमध्ये पेजस्पेक_मॅचची चाचणी आहे, तिच्या धर्तीवर आपली लिहिता येते. प्रत्येक टोपणनावासाठी, प्रत्येक पानावर, टोपणनावाचं उत्तर आणि पूर्ण लिहिलेल्या अटीचं उत्तर यांची तुलना करायची. नुसतं खरं-खोटं नाही, तर इन्फ्लुअन्सेस आणि ऑब्जेक्टचा वर्गसुद्धा. अट एकटी, उद्गारचिन्हासह, आणि दुसऱ्या लिंक() अटीसोबत अँडमध्ये, अशा तिन्ही रूपांत तपासावं. खऱ्या साइटवर मग व्हर्बोज (सविस्तर संदेश) चालू करून एखाद्या लेखाचा टॅग काढायचा आणि रिफ्रेश द्यायचं. यादीचं पान ‘अमुक पानावर अवलंबून असल्याने बांधत आहे’ अशा अर्थाच्या ओळीत दिसलं की नोंदी शाबूत आहेत.

मराठी विकी चालवणाऱ्यांना टोपणनावांचा आणखी एक उपयोग आहे. पानाच्या नावात कोणती अक्षरं चालतात हे विकी_फाइल_कॅर्स या सेटिंगवर ठरतं आणि त्यात मूलतः ‘अक्षरं व आकडे’ असा वर्ग आहे. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी अक्षरांत मोडतात, पण हलन्ताचं चिन्ह मोडत नाही. त्यामुळे ‘विज्ञान’ हा टॅग लावला की पानाचं नाव ‘विज__२३८१__ञान’ असं होतं. २३८१ हा हलन्ताचा युनिकोड क्रमांक. पेजस्पेकमध्ये टॅग्ड(विज्ञान) लिहिलं तर ते या नावाशी जुळत नाही, कारण तिथे असं रूपांतर होत नाही. जोडाक्षर असलेल्या प्रत्येक टॅगची हीच गत. हे कुरूप नाव एकदाच टोपणनावाच्या व्याख्येत लिहावं, आणि पानांवर रोमन लिपीतलं विज्ञान() वापरावं. साइट नवीच असेल तर फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवून मराठी शीर्षक मेटा डिरेक्टिव्हने द्यावं, हे त्याहून बरं.